डोळे मिटून बघा : 'महाभारत'चे रिमेक आपल्याला का टोचतात?

हेडफोन लावलेत ना? नसतील तर लावाच, कारण आजचा भाग ऐकण्याबद्दलच आहे. बसमध्ये असाल तर खिडकीची जागा पकडा, भांडी घासत असाल तर घासत राहा.

विषय आहे जुन्या, गाजलेल्या पौराणिक-ऐतिहासिक मालिकांचे रिमेक, आणि ते बघताना होणारी ती चिडचिड. नवा रिमेक आला की घरातले मोठे म्हणतात, "जुन्याची सर नाही." आपण मनात म्हणतो, "झालं यांचं सुरू." मीसुद्धा अनेक वर्षं हेच म्हणत होते. तेव्हा आज स्वतःचंच मत खोडून काढणार आहे. उदाहरण एकच घेऊ, पण मोठं घेऊ. महाभारत.

आधी माझी पार्श्वभूमी सांगते, कारण ती इथे महत्त्वाची आहे. माझा जन्म १९९७ चा. बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात लागलं. म्हणजे ते संपलं तेव्हा मी जन्माला यायला सात वर्षं होती. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, शेजारच्यांच्या टीव्हीसमोर अख्खी आळी बसायची, या सगळ्या आठवणी आईबाबांच्या आहेत. मला जुन्या महाभारताचा काहीही नॉस्टॅल्जिया नाही. उलट मी सगळं उलट्या क्रमाने पाहिलं. अकराव्या वर्षी २००८ चा रिमेक, सोळाव्या वर्षी २०१३ चा, आणि जुनं ओरिजिनल थेट तेविसाव्या वर्षी, लॉकडाऊनमध्ये. त्यामुळे "तुझ्या लहानपणीचं म्हणून तुला आवडतं" हा आरोप माझ्यावर लागू होत नाही. माझ्या लहानपणीचा तर रिमेकच होता!

तर २००८. आम्ही कराडला राहायचो. नाईन एक्स नावाचं नवं चॅनल आलं होतं आणि त्यावर जुलैमध्ये सुरू झालं 'कहानी हमारे महाभारत की'. एकता कपूर यांच्या बालाजीची मालिका. नाव ऐकूनच कळतं, 'कहानी घर घर की'ची धाकटी बहीण. मी पाचवी-सहावीत. शाळेत आधीच हवा झाली होती. माझ्या आजीने जुनं महाभारत पाहिलेलं, त्यामुळे मी तिला हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं. म्हटलं, "आजी, बघ आता कसं भारी करतात. तुझ्या वेळी ग्राफिक्स नव्हते."

आणि मालिकेची सुरुवातच झाली वस्त्रहरणाने. म्हणजे द्रौपदी कोण, पांडव कोण, द्यूत का झालं, काहीच माहिती नाही, आणि पहिल्या घासालाच सभेत ओढून आणलेली बाई. ढगांचा गडगडाट, प्रत्येक चेहऱ्यावर झूम, मग पुन्हा झूम. द्रौपदीच्या खांद्यावर टॅटू. त्या टॅटूवर लोक आजही बोलतात. भीष्म म्हणजे रोनित रॉय, ज्यांना घराघरात मिस्टर बजाज म्हणून ओळखायचे. नट चांगले, पैसा भरपूर, सेट चकाचक.

आजीने तीन-चार भाग पाहिले आणि आत जाऊन भाजी निवडायला बसली. मी विचारलं, "काय गं, आवडलं नाही?" ती म्हणाली, "अगं, सारखं दचकवतंय. सांगत काहीच नाही."

मला राग आला. वाटलं, म्हातारी माणसं, यांना नवं काही नकोच असतं. ती मालिका त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंद पडली. तेव्हाही मी म्हटलं, लोकांना टेस्ट नाही!

पण एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. त्या पहिल्या भागाने मला फार विचित्र वाटलं होतं. मी अकरा वर्षांची मुलगी. स्क्रीनवर एका बाईचा अपमान चाललाय आणि तो इतका चकचकीत, इतका फिरवून फिरवून दाखवलाय, की मी नक्की काय बघतेय हेच कळेना. रडायचं? घाबरायचं? की ब्रेकनंतर काय होईल याची मजा घ्यायची? हा प्रश्न डोक्यात तसाच राहिला. त्यावर पुन्हा येऊ.

पुढे २०१३ ला स्टार प्लसवर नवं 'महाभारत' आलं, २६७ भागांचं. हे मात्र चांगलंच चाललं. सौरभ राज जैन कृष्ण, शाहीर शेख अर्जुन, पूजा शर्मा द्रौपदी. संगीतकारांच्या यादीत आपले अजय-अतुल. आमच्या अख्ख्या कॉलेजला ते आवडायचं, मलाही. आजही त्याच्या क्लिप्स तुमच्या रील्समध्ये येत असतील, खाली कृष्णाचा सुविचार, मागे बासरी. तेव्हा सगळे रिमेक पडतात असं मी म्हणत नाहीये. २००८ मध्येच सागर कुटुंबाने स्वतःच्या 'रामायण'चा रिमेक एनडीटीव्ही इमॅजिनवर आणला, गुरमीत चौधरी राम होते, तोही लोकांनी पाहिला. म्हणजे 'नवं ते वाईट' हा नियम नाही. मग नियम काय?

आता येऊ मार्च २०२० ला. लॉकडाऊन लागलं तेव्हा मी पुण्याहून शेवटच्या क्षणी कराडला पोचले. लॅपटॉप, एक सॅक आणि आजी. आईबाबा आधीपासूनच दादाकडे बंगळुरूला अडकलेले. घरात आम्ही दोघीच.

तोपर्यंत आजीची नजर काचबिंदूने जवळजवळ गेली होती. एका डोळ्याने अंधार-उजेड कळायचा, बस. ती ते कुणाला फारसं जाणवू द्यायची नाही. चहाच्या कपाच्या काठावर बोट ठेवून ओतायची, पायऱ्या मोजून उतरायची. मी वर्षातून चारदा यायचे, मलाही ती किती चाचपडते ते आधी कळलं नव्हतं. तेव्हा कळलं, आणि फार अपराधी वाटलं.

तिचा वेळ जावा म्हणून मी काय केलं असेल? मोबाइल काढला, ॲप उघडलं, २०१३ चं महाभारत एचडीमध्ये लावलं. म्हटलं, दिसत नाही तर ऐकेल तरी. आजी दहा मिनिटं बसली. मग म्हणाली, "आत्ता काय चाललंय?" मी सांगितलं, "अर्जुन बघतोय." "कुणाकडं?" "द्रौपदीकडे." "आणि आता?" "आता द्रौपदी बघतेय." "मग बोलत का न्हाईत?" मागे फक्त वारा, बासरी, मृदंग. मी समालोचन करून थकले, ती ऐकून थकली.

त्याच दिवसांत, २८ मार्चपासून, डीडी भारतीवर जुनं महाभारत पुन्हा लागायला लागलं. दुपारी बारा आणि संध्याकाळी सात. शेजारच्या काकूंनी खिडकीतून ओरडून सांगितलं. मी टीव्ही लावून दिला आणि कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले.

पहिल्यांदा आला तो आवाज. "मैं समय हूँ." हरीश भिमानींचा. स्क्रीनवर फक्त आकाश, ग्रहगोल आणि एक चाक फिरतंय. माझ्या डोळ्यांना ते बालवाडीतलं ग्राफिक्स वाटलं, हसूच आलं. पण आजी ताठ बसली. पदर सावरला. आणि पुढचा पाऊण तास तिने मला एकदाही विचारलं नाही, की "आत्ता काय चाललंय?"

मंडळी, मी इंजिनिअर आहे. एकदा घडलं तर योगायोग, पुन्हा घडलं तर पॅटर्न. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप बंद केला, आजीशेजारी बसले आणि डोळे मिटले. अख्खा भाग मला कळला. कोण आलं, कोण उठलं, कोण गप्प बसलं, सगळं. मग रात्री खोलीत जाऊन २०१३ चे दोन भाग डोळे मिटून ऐकले. निम्मी गोष्ट हातातून निसटली. २००८ च्या क्लिप्स ऐकल्या, तर नुसता गडगडाट.

याला मी तेव्हापासून 'आजी टेस्ट' म्हणते.

असं का होतं, हे शोधताना मला पहिलं नाव सापडलं ते राही मासूम रझा यांचं. जुन्या महाभारताचे संवाद त्यांचे. गाझीपूरकडचे हिंदी-उर्दू कादंबरीकार, 'आधा गाँव' लिहिणारे. एका मुसलमान माणसाने महाभारत लिहावं याला तेव्हा विरोधही झाला होता, पण चोप्रांनी लेखक बदलला नाही. आणि मालिका त्या लेखकाच्या शब्दांवर उभी राहिली. मालिका आठवड्यातून एकदा लागायची, एकूण ९४ भाग. दृश्याला वेळ मिळायचा. भीष्म एक वाक्य बोलतात, मग थांबतात. समोरचा ते ऐकतो. मग उत्तर देतो. तुम्ही म्हणाल, किती स्लो! मीही म्हटलंच होतं.

आता रिमेकचं गणित बघा. डेली सोपच्या वेळापत्रकात रोज भाग द्यायचा. प्रत्येक ब्रेकआधी प्रेक्षकाला अडकवायचं, शेवटी फ्रीझ करायचं, आणि आठवड्याला टीआरपीचा आकडा मानेवर बसलेला. शब्द लिहायला वेळ लागतो, चेहऱ्यावर तीनदा झूम करायला लागत नाही. मग भावना शब्दांतून निघून पार्श्वसंगीतात आणि रिॲक्शन शॉटमध्ये जाते. यात कुणी वाईट माणूस नाही. फॅक्टरीच तशी आहे. त्या फॅक्टरीत कुठलीही गोष्ट घाला, सासू-सून घाला नाहीतर कुंती-गांधारी, बाहेर एकच माल येतो.

इथे माझा एक गुन्हा कबूल करते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या टीमला एक जुनी बिलिंग सिस्टिम नव्याने लिहायचं काम मिळालं. म्हणजे रिमेकच! जुन्या कोडमध्ये एका ठिकाणी, मेसेज पाठवल्यावर, तीन सेकंद नुसतं थांबायची ओळ होती. कॉमेंट नाही, कारण नाही. मी हसले, म्हटलं, कुण्या आळशी माणसाने लिहिलंय, आणि ती ओळ उडवली. डेमोत आमची सिस्टिम सुसाट पळाली, टाळ्या पडल्या. महिनाअखेरीला खरा लोड आला तेव्हा पलीकडच्या जुन्या मशीनला तो वेग झेपेना, आणि बिलं गळायला लागली. ते तीन सेकंद पलीकडच्याला ऐकून घेता यावं म्हणून होते. दोन रात्री जागून ती ओळ मी स्वतःच्या हाताने परत टाकली, या वेळी कॉमेंटसकट.

जुन्या मालिकेतला पॉज बघून मला आता ती ओळ आठवते. रिमेक करणारा जुनी मालिका बघतो तेव्हा त्याला मुकुट दिसतात, रथ दिसतात, हवेत टक्कर देणारे ते विनोदी बाण दिसतात. तो म्हणतो, हे सगळं आपण शंभर पटीने चांगलं करू. आणि करतोही! पण ज्यामुळे गोष्ट पोचत होती ते दिसत नाही, ऐकू येतं. ते राहूनच जातं.

आता वस्त्रहरणाकडे परत येते. डीडी भारतीवर द्यूताचे भाग लागले तेव्हा मला अकराव्या वर्षीचं ते विचित्र वाटणं आठवलं. पुन्हा तसंच होईल म्हणून मी बावरले होते. पण इथे द्यूत हळूहळू चढत जातं. राज्य, भाऊ, स्वतः, आणि मग पत्नी. रूपा गांगुलींची द्रौपदी सभेत येते आणि प्रश्न विचारते. युधिष्ठिर आधी स्वतःला हरले की आधी मला? जो स्वतःच दास झाला, त्याला मला पणाला लावायचा अधिकार कसा? हा प्रश्न मूळ महाभारतातल्या सभापर्वातला आहे. कायद्याचा प्रश्न आहे. भीष्मांकडेही त्याला धड उत्तर नाही. आणि मालिका त्या प्रश्नाला वेळ देते. सभा गप्प राहते तो वेळही देते.

माझ्या शेजारी आजी बसली होती, न दिसणारे डोळे टीव्हीकडे. ती हळूच म्हणाली, "बघ, एवढी मोठी मोठी माणसं आणि एकाच्या तोंडातनं शब्द फुटना."

तेव्हा मला अकराव्या वर्षीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्या रिमेकने मला द्रौपदीकडे *बघायला* लावलं होतं. जुन्या मालिकेने मला द्रौपदीचं *ऐकायला* लावलं. बघणारी मी दुर्योधनाच्या सभेतच जाऊन बसले होते. ऐकणारी मी द्रौपदीच्या बाजूला उभी राहिले. एकाच प्रसंगातला हा फरक आहे, आणि तो ग्राफिक्सने भरून निघत नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे महाभारताला हातच लावायचा नाही का? अजिबात तसं नाही. महाभारत हा आपल्याकडचा सगळ्यात जुना रिमेक आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत त्याची चिकित्सक आवृत्ती तयार होत होती. देशभरातून हजाराहून जास्त हस्तलिखितं जमवून, ओळ न् ओळ ताडून. कोडवाल्यांसाठी सांगते, जगातला सगळ्यात मोठा मर्ज कॉन्फ्लिक्ट, सोडवायला ४७ वर्षं! प्रत्येक प्रांताने गोष्टीत काहीतरी घातलेलंच होतं. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' वाचा. त्यांनी चमत्कार बाजूला ठेवले आणि माणसं तपासली. श्याम बेनेगलांनी १९८१ मध्ये 'कलयुग' केला, त्यात कौरव-पांडव म्हणजे उद्योगपतींची दोन घराणी. पीटर ब्रूकच्या नाटकात निरनिराळ्या देशांचे नट होते आणि द्रौपदी होती मल्लिका साराभाई. ही सगळी मूळ गोष्टीपासून कितीतरी लांब गेलेली कामं, तरी ती टोचत नाहीत. कारण प्रत्येकाने गोष्टीला स्वतःचा एक प्रश्न विचारला. टोचतो तो रिमेक, ज्याला विचारायचं काहीच नसतं, फक्त पुन्हा दाखवायचं असतं.

आणि एक गंमत. महाभारत मुळात ऐकण्याचीच गोष्ट आहे. नैमिषारण्यात सौती ऋषींना सांगतो. तो सांगतो ते वैशंपायनाने जनमेजयाला सांगितलेलं. आणि त्याच्याही आत, युद्ध चालू असताना, संजय एका आंधळ्या राजाला सांगतोय. धृतराष्ट्राने कुरुक्षेत्र पाहिलं नाही, ऐकलं. म्हणजे पॉडकास्टच की हो! चोप्रांच्या मालिकेतला तो 'समय' त्याच रांगेतला. त्यांनी सांगणारा माणूस ठेवला, म्हणून ती मालिका न दिसणाऱ्या माणसापर्यंतही पोचली.

त्या लॉकडाऊनमध्ये मी आणि आजीने जवळपास सगळी मालिका ऐकली. संपली तेव्हा आजी म्हणाली, "आता काय ऐकायचं?" मी मोबाइलमध्ये तिला वाचून रेकॉर्ड करून द्यायला लागले. वर्तमानपत्र, गोष्टी, काहीबाही. सुरुवातीला मी भरभर वाचायचे. ती थांबवायची, "अगं दम घे की. मला बघू दे."

*मला बघू दे.* नजर गेलेली बाई मला हे म्हणायची. मग मी दम घ्यायला शिकले. आजी २०२२ मध्ये गेली. हा पॉडकास्ट त्या रेकॉर्डिंगमधूनच सुरू झाला, हे आज पहिल्यांदा सांगतेय. मध्येच मी थांबते तेव्हा तुमच्यातले काही जण "ऑडिओ अडकतोय का?" असं विचारतात ना? अडकत नाही. तो थांबा मुद्दाम आहे.

तर आज घरचा अभ्यास. येत्या रविवारी, आवडीची कुठलीही जुनी मालिका आणि तिचा रिमेक घ्या. दोन्हीतला एकच प्रसंग डोळे मिटून ऐका. नवा जिंकला तर मला जरूर सांगा, मी खुशीने हार मानीन. आणि घरात कुणी आजी-आजोबा असतील तर त्यांना शेजारी बसवा. "जुन्याची सर नाही" असं ते म्हणाले तर या वेळी वाद घालू नका. फक्त विचारा, "म्हणजे नक्की काय नाही?" माझ्या आजीने २००८ मध्येच उत्तर दिलं होतं. मला ते कळायला बारा वर्षं लागली.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा. आणि हो, प्लेबॅक दीडपट वेगावर असेल तर एकदा साध्यावर आणा. दम घ्या की!